दडवलेलं शुद्धिपत्र

सातारा, १९४३

प्रमोदिनीबाईंस नमस्कार,

आमचे हे ग्रंथमंडळाचे चिटणीस. तुम्ही सांगलीत संस्कृत ग्रंथांची मुद्रितं तपासता म्हणून तुम्हाला चार-चार पानं लिहितात. मी माहेरी गेले की मला दोन ओळी.

तुमचं शेवटचं शुद्धिपत्र माझ्या हाती पडलं. मी ते ट्रंकेत दडवलं. वाट पाहून यांनी छपाई उरकली आणि ग्रंथ चुकांसकट बांधून आला. आता हे तुमच्यावर चिडतील, एवढीच माझी आशा होती.

ग्रंथ उघडला आणि हे भरल्या ताटावरून उठले.

"बाईंनी कळवलं नाही ना?" मी विचारलं.

"त्यांचं कधी चुकत नाही. मीच पुन्हा विचारायला हवं होतं."

लगेच यांनी तुमची माफी मागणारं पत्र लिहिलं. ते मीच पोस्टात टाकून आले. हे माझं पत्र मात्र टाकवत नाही.

तुम्हाला कधी न भेटलेली,
द्वारका