धूमकेतूचं आडनाव

दि. ६ फेब्रुवारी

चि. सौ. मुंगीस, दादाचे अनेक आशीर्वाद.

तू धूमकेतू शोधलास ही बातमी शेजारच्या काचवाल्याने सुतारखान्यात पेपर आणून वाचून दाखवली. रंधा बाजूला ठेवून मी आधी हात जोडले. मग त्याने धूमकेतूचं नाव वाचलं, आणि जोडलेल्या हातांच्या मुठी झाल्या. शोधणाऱ्याचं आडनाव देतात म्हणे. पण दिलं ते तुझ्या सासरचं!

तुला खांद्यावर बसवून आभाळ दाखवलं बाबांनी. पहिल्या दुर्बिणीची लाकडी नळी केली मी. आणि वर नाव कुणाचं, तर ज्यांना धूमकेतू आणि पतंग यांतला फरक कळत नाही त्या मेहुणेबुवांचं! याला म्हणतात आयत्या बिळावर नागोबा. मला मूलबाळ नाही. आपलं आडनाव माझ्याबरोबर संपणार, हे तुला ठाऊक आहे. आभाळात तरी राहिलं असतं.

मी गप्प बसलेलो नाही. नावं ठरवणाऱ्या मंडळाला परवाच लिहिलं की या आडनावाच्या माणसाने काहीही शोधलेलं नाही, ताबडतोब दुरुस्ती करावी.

कळावे. देव बघतो आहे. तूही जरा बघ.

तुझा दादा


दि. १९ फेब्रुवारी

ती. दादास, सा. न. वि. वि.

भीक नको पण कुत्रं आवर, अशी माझी गत केलीस. वेधशाळेच्या साहेबांनी बोलावून विचारलं की शोध तुमचा नाही असं तुमचा सख्खा भाऊच लिहितो, खरं काय समजायचं? मंडळाने नाव थांबवलंय. माझ्यामागून दोन दिवसांनी दुसरीकडच्या एका गृहस्थांनाही तोच धूमकेतू दिसला होता. महिनाअखेर तुझा खुलासा पोचला नाही, तर नाव त्यांचं लागेल. मग ना माहेरचं, ना सासरचं. बस हात जोडून!

आणि बिळाचं म्हणशील, तर ते खणायला कोण होतं तेही ऐक. आभाळाच्या एकाच तुकड्याची दोन चित्रं शेजारी ठेवून मी हललेला ठिपका शोधत होते, तेव्हा तापाने फणफणलेली पोर सासूबाईंच्या मांडीवर होती. स्वतःच्या लेकाला त्यांनी सुनावलं होतं की दूध तापवायला दुर्बीण लागत नाही. तुझं पत्र त्यांना वाचून दाखवलं. त्यांचं म्हणणं असं की हे आडनाव त्यांनाही लग्नातच चिकटलं, त्यांनाही कुणी विचारलं नव्हतं. जन्मात पहिल्यांदा त्याचं काही चांगलं झालं, तर सुनेच्या भावाला ते खोडायचं आहे.

एक बातमी रागातही सांगते. शेवटच्या ग्रहापलीकडचा एक बर्फाळ गोळा मी एकच समजत होते. मोठ्या दुर्बिणीतून पाहिला तर जोडी निघाली. एक मोठा, एक धाकटा. धाकटा मोठ्याभोवती फिरत नाही, दादा. दोघेही मधल्या रिकाम्या जागेभोवती फिरतात. मोठ्यालाही हलावं लागतं. यावर मंडळाला पत्र टाकू नकोस.

लोभ आहेच, आधी खुलासा धाड.

मुंगी


दि. २५ फेब्रुवारी

चि. सौ. मुंगीस, आशीर्वाद.

खुलासा तुझं पत्र आलं त्याच दिवशी रजिस्टरने धाडला. काल पोचल्याची पावती आली. लिहिलं की धूमकेतू माझ्या बहिणीनेच शोधला आणि हे आडनाव तिचंच आहे. ‘तिचंच’ लिहिताना पेन अडलं, पण लिहिलं. राग गेला असं मात्र समजू नकोस.

तुझी जोडी डोक्यातून जाईना. एक मोठा, एक लहान असे लाकडाचे गोळे कातले, मध्ये काठी बसवली आणि दोरीला टांगून फिरवली. मोठ्याला दोरी बांधली तर सगळं लटपटतं. मोठ्याच्या जवळच, पण नुसत्या काठीवर बांधली, तेव्हा संथ फिरू लागलं. मोठाही फिरला. सकाळी देवापुढे बसलो तरी डोळ्यांसमोर तेच. त्याची करणी, मी काय बोलणार!

बोलायचं ते माणसांबद्दल. इतकी वर्षं तुझ्या घरी जेवलो, पण सासूबाईंचं माहेरचं आडनाव मला ठाऊक नाही. मेहुणेबुवा परवा कामासाठी इकडे आले होते, त्यांना विचारलं. तेही डोकं खाजवत बसले. स्वतःच्या आईचं! चहासुद्धा न पाजता लावून दिले.

तेव्हा तू त्यांना विचार आणि उलट टपाली कळव. मोठ्या गोळ्यावर ते कोरीन, धाकट्यावर आपलं.

कळावे. पटाशीला धार लावून ठेवली आहे.

तुझा दादा