तो विषय कुणाचा होता

आई,

रविवार, १७ नोव्हेंबर १९९१. सकाळचे दहा वाजून चाळीस मिनिटं. पहिलं गीत संपलं होतं, पाळकसाहेबांनी नेहमीप्रमाणे विचारलं की प्रार्थनेचे विषय असतील तर सांगा, आणि डावीकडच्या तिसऱ्या बाकावरून तू उठलीस. पदर सारखा केलास, घसा खाकरलास आणि भरल्या चर्चमध्ये म्हणालीस, "माझ्या लेकीच्या छातीत गाठ आलीया. तुकडा तपासायला मिरजेला धाडलाय. मंडळीनं भार घ्यावा." मी तुझ्या मागं दोन बाक सोडून बसले होते. घड्याळ समोरच्याच भिंतीवर होतं, म्हणून वेळ इतकी नेमकी सांगता येते. तू मागं वळून पाहिलं नाहीस. बाकी सगळ्यांनी पाहून घेतलं.

हे मी आज अठरा वर्षांनी लिहायला बसले आहे, त्याला कारण आहे. तू गेलीस त्यालाही बारा वर्षं झाली. येत्या शनिवारी संध्याकाळी माझी लेक पुण्याहून येते आहे. जिना चढताना लागणारी धाप मी इतके दिवस वयाच्या नावावर ढकलत होते, पण गेल्या सोमवारी डॉक्टरांनी हृदयाच्या नळ्या तपासायला सांगितल्या आहेत, याच महिन्यात. त्यांच्याखेरीज ही गोष्ट अजून कुणाला ठाऊक नाही. जावई तुझा गेल्यापासून घरात सांगण्यासारखं माणूसही उरलेलं नाही. लेकीला सांगावं तर ती घाबरणार, रजा टाकणार, माझ्या उशाशी येऊन बसणार. न सांगावं तर तू आठवतेस. तेव्हा शनिवारपर्यंत मला ठरवायचं आहे, आणि त्याआधी तुझा हिशोब नव्हे, तुझा निकाल लावायचा आहे.

मी तुला ते आदल्या गुरुवारी सांगितलं होतं, तुझ्याच स्वयंपाकघरात. तू जमिनीवर बसून शेंगा फोडत होतीस. तुझ्या जावयाला सांगितलं होतं, डॉक्टरांना माहीत होतं आणि तिसरी तू. मी म्हणाले, अहवाल येईपर्यंत हे या भिंतींच्या बाहेर जायचं नाही. शपथ तू कधीच घ्यायची नाहीस, ख्रिस्ती माणसानं ती घ्यायची नसते म्हणून. पण मान हलवलीस. तुझ्या त्या मानेवर मी विश्वास ठेवला, कारण तू चाळीस वर्षं परिचारिका होतीस. वॉर्डातल्या एकाही बाईचं दुखणं तू कधी फाटकाबाहेर आणलं नाहीस. गल्लीतल्या बायका खोदून खोदून विचारायच्या आणि तू म्हणायचीस, मला काय ठावं, मी फकस्त टेंपरेचर बघते. परक्या बायकांची अब्रू तुला कळत होती. माझ्याच बाबतीत ते सगळं कुठं गेलं, हे मला अजून समजलेलं नाही.

परिणाम तुला पुढच्या पंधरवड्यात एकदा सांगितले होते, आज पुन्हा सांगते, कारण त्या दिवशी तू ऐकण्यापेक्षा रडण्यात जास्त गुंतली होतीस. त्याच दुपारी चार घरांतून डबे आले. मंगळवारी बातमी गडमुडशिंगीला माझ्या सासूबाईंपर्यंत पोचली, बुधवारी सकाळी त्या दारात उभ्या, आणि पहिला प्रश्न हा की माझ्या मुलाला शेवटपर्यंत अंधारात ठेवायचं होतं का. त्या मुलानंच मला दवाखान्यात नेलं होतं. टेलिफोन ऑफिसात बोर्डावर माझ्या शेजारी बसणारी बाई माझ्याकडं तोंड करून बोलेनाशी झाली. दिवसभर लोकांचे ट्रंक कॉल जोडायचे, कानावर पडेल ते तिथंच सोडून घरी जायचं, अशी वीस वर्षं सवय असलेल्या आम्ही बायका. आणि माझी बातमी त्याच बोर्डावर माझ्याआधी पोचलेली. हेही मी गिळलं असतं. पण संडेस्कूलमध्ये एका पोरीनं माझ्या अकरा वर्षांच्या लेकीला विचारलं, "तुझी मम्मी मरणार हाय व्हय?" आपल्या आईला काय झालंय, हे माझ्या मुलीला असं कळलं. आठ दिवस ती शाळेतून आली की आधी मी श्वास घेते का ते बघायची. मला वाटायचं, मी झोपलेय म्हणून कौतुकानं बघतेय.

हे सगळं पुढं घडलं; त्या रविवारी चर्च सुटल्यावर मी तशीच तुझ्या घरी आले होते. चूल पेटलेली, तू रविवारच्या मटणासाठी खोबरं भाजत होतीस. मी चप्पल काढली नाही, ते तुला सगळ्यात आधी दिसलं. काय बोलले ते शब्द न शब्द आठवतं. मी तुला विचारलं की माझं शरीर काय मंडळीच्या मालकीचं आहे. तू म्हणालीस, मी काय गावगप्पा मारल्या न्हाईत, प्रार्थनेला ठेवलं. मग मी माझं शिक्षण बाहेर काढलं. कॉन्व्हेंटमध्ये सिस्टर लोकांनी आम्हाला वाद घालायला चांगलं शिकवलं होतं. मी म्हणाले, प्रभूनं कुष्ठरोगी बरा केला तेव्हा त्याला काय सांगितलं, कुणाला बोलू नकोस असंच ना. तू उलथनं न थांबवता म्हणालीस, "व्हय, आणि त्यो जाऊन गावभर सांगितलाच की." मला हसू आलं असतं, त्या दिवशी सोडून कुठल्याही दिवशी.

मग मी ती अट घातली. माझं, माझ्या घरचं, माझ्या लेकीचं काहीही मला विचारल्याशिवाय तू कुणापुढं काढायचं नाही. चर्चमध्ये नाही, महिला मंडळात नाही, कुणाच्या आजारपणाला गेलीस तर तिथंही नाही. हे मोडलंस तर मी तुला यापुढं काहीही सांगणार नाही.

तू खोबरं उतरवलंस. विचारलंस, "देवाला पण न्हाय सांगायचं?"

"देवाला सांग. मनात."

"मनातलं मलाच ऐकू येत न्हाय. त्याला कसं जाईल?"

हे तू चेष्टेनं म्हणाली नव्हतीस. मुरगूडच्या घरात तू मोठ्यानं प्रार्थना करणाऱ्या माणसांत वाढलीस. काळजी आली की ती बोलायची, चारचौघांत ठेवायची, चौघांनी उचलायची, एवढंच तुला माहीत. मुक्यानं प्रार्थना कशी करतात ते तुला साठाव्या वर्षी शिकायला लागलं, आणि शिकवायला मी थांबले नाही. तुझं मटण तसंच टाकून घरी आले.

अहवाल दहा दिवसांनी आला. साधी गाठ होती. तूही साधीच निघालीस, कारण अट तू अक्षरशः पाळलीस. पुढच्याच आठवड्यात पाळकसाहेबांनी विषय विचारले. तू उभी राहिलीस. तू म्हणालीस, "माझा एक विषय हाय. कुणाचा ते सांगायचं न्हाय. प्रभूला ठावं हाय." आणि बसलीस. बाहेर बायकांनी तुला घेरलं. अहो सिस्टर, निदान दुखणं आहे का कोर्टकचेरी एवढं तरी सांगा, आम्ही नेमकी प्रार्थना करायची कशाची. तू म्हणालीस, "नेमकं त्याला सांगून झालंय. तुमी फकस्त डोळं मिटा." त्यांतल्या एका बाईनं तुझ्याशी महिनाभर अबोला धरला. तुला त्याचं काही वाटलं नाही, आणि मला, खरं सांगते, अभिमान वाटला.

ती पाच वर्षं चांगली गेली. माझ्या घरात येताना तू कडी वाजवायला लागलीस. मी काही सांगितलं की विचारायचीस, हे ठेवायचं का सांगायचं. त्यामुळं मी पूर्वीपेक्षा जास्त सांगायला लागले. नकार देता येतो हे कळल्यावरच माणूस मोकळेपणानं दार उघडतो, हे मला चाळिशी उलटल्यावर कळलं. आणि तू ती मुकी प्रार्थना शिकलीस. दुपारी चर्च उघडं असे तेव्हा जाऊन मागच्या बाकावर बसायचीस. पाव तासानं परत येताना तुझा चेहरा ओझं उतरवलेल्या बाईसारखा असायचा. एकदा मी विचारलं, आत काय करतेस. म्हणालीस, "एकदाच सांगते. दुसऱ्यांदा सांगाय लागले की कळतं, आता ही प्रार्थना न्हाय, घोर हाय. मग उठते." माझ्या सगळ्या शिक्षणात काळजीविषयी याहून शहाणं वाक्य मला कुणी ऐकवलं नाही. मी अजून तसंच करते. गेल्या सोमवारी डॉक्टरांकडून परतताना रिक्षा चर्चपाशी थांबवली, एकदा सांगितलं, दुसऱ्यांदा सांगायला लागले तेव्हा उठले. तो पाव तास गेल्यावर भीती गेली नव्हती, पण ती माझ्या एकटीची राहिली नव्हती.

पण मग ते शेवटचं वर्ष. १९९६ च्या पावसाळ्यापासून तू दर रविवारी उभी राहायला लागलीस. एकही रविवार चुकत नव्हता. माझा एक विषय हाय. लेकीची दहावी होती, मला वाटलं, तिचाच. मागं बसून मी चिडायचे. एवढं काय मार्कांसाठी, असं मनात म्हणायचे. एकदा घरी येताना विचारलंही, काय गं, कुणाचा विषय चालवलायस वर्षभर. तू म्हणालीस, "सांगायचं न्हाय असं ठरलंय न्हवं?" मी हसले. माझा नियम माझ्यावरच उलटवलास म्हणून मला गंमत वाटली.

जूनमध्ये तुझ्या पोटात पाणी झालं तेव्हा दवाखान्यात नेलं. तरुण डॉक्टर होता, त्यानं मला बाहेर बोलावून विचारलं, त्या नर्स होत्या ना? मग हे दुखणं वर्षभर त्यांना कळलं नसेल असं होणार नाही. मी आत आले. तुझ्या हाताला सलाईन होतं आणि तू तिथल्या नर्सला सुई नीट लाव म्हणून बोलत होतीस. मी विचारलं, का सांगितलं नाहीस. तू म्हणालीस, "तूच शिकवलंस की. ज्याच्या अंगाचं त्यानं ठेवायचं." थोड्या वेळानं म्हणालीस, "आणि तू काळजी केली असतीस. माझ्यागत." पाच आठवड्यांनी तू गेलीस.

मी हे शिकवलं नव्हतं, आई. तेवढं स्पष्ट लिहून ठेवते. मी रेघ ओढली होती ती माझं घर आणि चर्चचे बाक यांच्यामध्ये. तू ती उचललीस आणि तुझ्या-माझ्यामध्ये आणून ठेवलीस. माझी गोष्ट माझ्या परवानगीशिवाय बाहेर नेऊ नकोस, याचा अर्थ तुझी गोष्ट मला सांगू नकोस असा कुठल्या शास्त्रात होतो? तू मला काळजीपासून वाचवलंस म्हणे. कुणी सांगितलं होतं? एक वर्ष मी तुझ्याजवळ बसले असते. घाबरले असते, डॉक्टर शोधले असते, तुझ्याबरोबर मागच्या बाकावर येऊन सांगितलं असतं. ते वर्ष माझं होतं, आणि ते तू मला न विचारता ठेवून घेतलंस. ते तुझं भलेपण होतं, का माझ्या त्या रविवारच्या बोलण्याचा राग, हे मला बारा वर्षं ठरवता आलेलं नाही. रागाच्या दिवशी वाटतं, राग. बाकीच्या दिवशी वाटतं, आज्ञाधारकपणा. आणि ते जास्त लागतं.

तेव्हा शनिवारचं माझं ठरलं. लेक आली, हातपाय धुऊन चहा झाला की तिला सांगणार. कुठं आणि कुणाला सांगायचं ते मला विचारून, एवढी अट घालणार. घाबरायचं की नाही, रजा टाकायची की नाही, हे तिनं ठरवावं. तिच्या वतीनं मी ठरवणं ही घुसखोरीच, मग ती कितीही मायेची असो. अकराव्या वर्षी तिला परक्या पोरीकडून कळलं होतं. या वेळी माझ्याकडून कळेल.

हे पत्र पोस्टात पडणार नाही, ते माझ्या टेबलावरच राहील. तरी एक कबुली दिल्याशिवाय दुसऱ्याकडं जाब मागणं बरं दिसत नाही. त्या रविवारी तुझ्याशी भांडून मी घरी आले, उपाशीच आडवी झाले, आणि दुपारी तीन ते सहा झोपले. गाठ हाताला लागल्यापासून नऊ दिवस डोळा लागला नव्हता. चर्चभर माणसांनी डोळे मिटून माझं नाव घेतलं, त्यानंतर लागला. हे मला तेव्हाच कळलं होतं. तुझी चूक ती चूकच, पण हे एक वाक्य मी तुला सांगितलं असतं तर तू साडेपाच वर्षं अपराध्यासारखी कडी वाजवली नसतीस, आणि कदाचित तुझंही काही मला सांगितलं असतंस. मी सांगितलं नाही. मला जिंकायचं होतं.

आता तुझी पाळी. तो वर्षभराचा विषय कुणाचा होता, पहिल्यांदा दुखलं तो दिवस कुठला, आणि एकदा तरी माझं दार वाजवून सांगावंसं वाटलं होतं का, याचं उत्तर मला हवं आहे. तोंडी चालणार नाही, लेखी दे. पुण्याची गाडी शनिवारी साडेपाचला येते. त्याच्या आत.