मुंबईहून आलेलं ऑफिस

बाई, आपलं ऑफिस अजून परभणीतच आहे. तुम्हाला सगळ्यात आधी हेच सांगायला हवं. स्टेशनजवळच्या त्या भाड्याच्या गोदामातून आपण कधीच बाहेर पडलो, स्वतःची इमारत झाली, पण गाव बदललं नाही. मी तिथूनच निवृत्त झाले, तुमच्याच पदावरून.

मुंबईहून ऑफिस येणार, ही बातमी आमच्याकडं आधी कुणाला खरी वाटली नव्हती. जमिनीच्या अपिलासाठी इकडच्या माणसानं रेल्वेत रात्र काढून मुंबई गाठायची, साहेब रजेवर आहेत हे ऐकायचं आणि परत यायचं, हे इतकं अंगवळणी पडलं होतं. मग एक दिवस ट्रक आले. कपाटं, टाइपरायटर, फायलींचे गठ्ठे, आणि त्यांच्यामागून रेल्वेनं उतरलेली तुमची माणसं, चेहरे पडलेली. मी तिथली नवी टायपिस्ट, चुडाव्याला रेल्वेत गँगमन असलेल्या माणसाची पोरगी, नुकतीच बी.ए. होऊन परभणीत आत्याकडं राहायला आलेली. तुमच्यातल्या एका क्लार्कनं मला पहिला प्रश्न विचारला तो पावाचा. इथं पाव मिळतो का, म्हणाले. मी दुकान सांगितलं, तर म्हणाले, रोज मिळतो? ऊन तापायच्या आत निम्म्या लोकांना पोटाचे विकार, आईचं आजारपण, मुलांच्या शाळा अशी कारणं सापडली आणि ते बदली रद्द करून घेऊन परत गेले. तुम्ही अधीक्षक, लग्न न केलेल्या, गिरगावात एक भाऊ, तोही परत ये म्हणून मागं लागलेला. आता बाईही जाणार, असं सगळे धरून चालले होते.

तुमचा पहिला ओरडा मला मिळाला तो राणीसावरगावच्या एका म्हातारीवरून. ती सकाळीच सुनावणीला येऊन दारात बसली होती. साहेब चहाला गेलेत, दुपारी या, असं मी तिला सांगून टाकलं. तुम्ही मला टेबलाजवळ बोलावलंत. आवाज चढवला नाहीत. "ही बाई घरातून निघाली तेव्हा उजाडलंही नसेल. तिची परतीची एसटी चुकणार असेल, तर आपण एवढे ट्रक भरून इथे आलो कशाला?" मला राग आला. काल आलेली बाई मला माझ्याच माणसांबद्दल शिकवते, असं वाटलं. पण तुम्ही स्वतः उठलात, तिचे कागद साहेबांपुढं ठेवलेत आणि दुपारच्या आत तिची सुनावणी झाली. जाताना म्हातारी मला म्हणाली, "मुंबईला लय खेपा घातल्या बाई. एकदा बी साहेब दिसला न्हाई. आज म्हशीच्या धारेला घरी जाईन." ती काय म्हणाली ते तुम्ही विचारलंत, मी सांगितलं, आणि परभणीत आल्यापासून मी तुम्हाला पहिल्यांदा हसताना पाहिलं.

तुमच्या खोलीवर आले तो रविवार तर अजून जसाच्या तसा दिसतो. तुम्ही ज्वारीच्या पिठाशी झटताय, परातीत नुसता चिकट गोळा, आणि मला म्हणताय, अगं आत ये, थापून दाखव. मी उंबऱ्याबाहेरच उभी. तुमची घरमालकीण अंगणात डाळ निवडायलीय, तिची नजर माझ्यावरून हटत नाही. मी का थांबले ते तुम्हाला कळत नाही. शेवटी मीच सांगते, बाई, आम्ही बौद्ध आहोत. तुम्ही माझ्याकडं बघता, मग परातीकडं. "बरं. मग बौद्धांच्या घरी पीठ किती घट्ट मळतात?" मी आत आले. भाकरी टम्म फुगली. दोन आठवड्यांत मालकिणीनं तुम्हाला खोली सोडायला लावली. तुम्ही वाद घातला नाहीत, ट्रंक उचललीत आणि आमच्या आत्याच्या गल्लीत खोली घेतलीत. भावाला काय कळवलंत ते मी कधी विचारलं नाही.

त्याच पावसाळ्यात विद्यापीठाच्या नामांतराचा ठराव झाला आणि मराठवाडा पेटला. माझ्या मामाचं घर जाळलं गेलं. मामा, मामी आणि लेकरं अंगावरच्या कपड्यांनिशी आत्याच्या दोन खोल्यांत आली. गाड्या बंद, शाळा बंद. ऑफिस पुन्हा उघडलं त्या दिवशी तुम्ही आमच्या दारात येऊन उभ्या राहिलात आणि आपण दोघी चालत गेलो. मुंबईच्या उरलेल्या लोकांनी तोवर वर अर्ज केला होता की इथं जिवाला धोका आहे, ऑफिस परत न्यावं.

चौकशीला मुंबईहून मोठे साहेब आले. सगळ्यांना एका खोलीत बसवलं. धोका आहे, असं एकेक जण सांगत गेला. महिला कर्मचाऱ्यांचं काय, म्हणून त्यांनी तुम्हाला विचारलं. तुम्ही म्हणालात, "मला भीती नाही. पण मी सांगून उपयोग नाही, माझं काही जळलेलं नाही. हिच्या मामाचं घर जळलंय. हिला विचारा."

तुम्ही मला आधी काहीच सांगितलं नव्हतं. मी उठले. ऑफिसातलं नीटनेटकं मराठी बोलायचं ठरवलं, पण तोंडातून घरचीच भाषा आली. "साहेब, ज्यांची घरं जळाली ते कुठंच गेले न्हाईत. त्यांच्या जमिनी इथं हायत, त्यांची अपिलं इथं हायत. भ्यायचं तर आमी भ्यायचं. तुमी ऑफिस उचलून नेलं, तर जाळणाऱ्यांना वाटंल, सरकार बी आपल्याला भ्यालं."

साहेबांनी तुम्हाला चहा सांगायला सांगितलं. तूर्त ऑफिस इथंच राहील, पुढं बघू, असं कळवून ते गेले. पुढं कुणी बघितलं नाही, आणि आपण राहिलो. मामानं त्याच जागेवर पुन्हा भिंती उभ्या केल्या. तुम्ही मला खात्याच्या परीक्षांना बसवलंत, एकदा नापास झाले तर पुन्हा बसवलंत. निवृत्तीपर्यंत तुम्ही परभणी सोडली नाहीत. मग भावाच्या आजारपणात मुंबईला गेलात आणि तिथंच संपलात. विद्यापीठाचा नामविस्तार झाला तेव्हा तुम्हाला जाऊन काही वर्षं झाली होती. मी ऑफिसात पेढे वाटले. कुणी लगेच खाल्ले, कुणी ड्रॉवरमध्ये ठेवले. तुमचा पेढा मीच खाल्ला.

माझ्या निरोप समारंभात नव्या मुलांनी साहेबांपुढचा तो प्रसंग रंगवून सांगितला. मॅडम जिल्ह्यासाठी उभ्या राहिल्या, म्हणाले. मी ऐकून घेतलं, हारही घालून घेतला. हे पत्र कुठल्या पेटीत पडणार नाही, म्हणून तुम्हाला सांगते. त्या दिवशी बोललेला शब्द न् शब्द खरा होता, आजही तेच बोलेन. पण उठून उभी राहिले ती जिल्ह्यासाठी नाही. ऑफिस गेलं असतं तर त्याच्याबरोबर तुम्हीही गेला असता, आणि मला तुम्ही इथं हव्या होतात.