मधली फट

३ मार्च

चि. चिमणीस,
अ. उ. आ.

रोल सोबत पाठवतोय, नीट धुऊन दे. स्टुडिओची मालकीण झाल्यापासून तू भावाची कामं मागे टाकतेस, असं तुझी वहिनी म्हणते. मी म्हणत नाही. फेरी संपल्यावर डेपोच्या गच्चीवर कॅमेरा लावला होता. खाली चंद्रकोर, वर शुक्र आणि गुरू. तू म्हणाली होतीस, कितीही जवळ आले तरी दोघं वेगळे दिसतील. हरलीस! पार एक झाले होते, एकच ठसठशीत तारा.

बाकी क्षेम. डेपोच्या फाटकाचा खांब हल्ली पुढे सरकलाय. बसचा आरसा पुन्हा घासला. कंडक्टर हसतो, त्याचं काय जातं हसायला!

लोभ पूर्वीसारखाच ठेव, कामं वेळेवर कर.
तुझा दादा


११ मार्च

ती. दादास,
सा. न. वि. वि.

फोटो धुतले. चंद्रकोर तर अशी आलीय की काचेत लावावी. पण दादा, वर तारे दोन आहेत. मध्ये बारीक पण स्वच्छ फट आहे. त्याच संध्याकाळी मीही दुकानाच्या पायरीवरून साध्या डोळ्यांनी बघितलं. मला दोन दिसले, शेजारच्या म्हाताऱ्या शिंप्यालाही दोन दिसले. कॅमेऱ्याला दिसलं ते तुला दिसलं नाही.

आरशाचं वाचलं. खांब पुढे सरकत नसतात. लगेच डोळे तपासून घे आणि तोवर स्टेअरिंगला हात लावू नकोस. लहान तोंडी मोठा घास, पण तुझ्यामागे बसभर माणसं बसलेली असतात.

वहिनीला नमस्कार. रागाव हवं तर, पण माया पातळ करू नकोस.
तुझी चिमणी


१८ मार्च

चि. चिमणीस,
अ. उ. आ.

प्रिंट मिळाली. तुझ्या यंत्राच्या भिंगावर ओरखडा असेल, असं लिहिणार होतो. पण मुलीला दाखवली, तीही दोन म्हणाली. मग भिंग धरून बघितलं, तर मलाही दिसले.

असू देत. तारे बघणं वेगळं आणि गाडी हाकणं वेगळं. हा रस्ता मला डोळे मिटून येतो. महिनाअखेरीला मी निवृत्त होतोय. एवढ्या नोकरीत एक अपघात नाही, हे मॅनेजर सगळ्यांसमोर वाचून दाखवणार आहेत. आता गाडीवरून उतरवलं तर शेवटचे दिवस स्टोअरमध्ये नटबोल्ट निवडत काढायचे? तेवढं होऊ दे, मग तू म्हणशील त्या डॉक्टरांकडे येतो. त्याआधी मॅनेजरला कळवलंस, तर तुला भाऊ नाही असं समज.

तुझा दादा


२२ मार्च

ती. दादास,
सा. न. वि. वि.

मॅनेजरला पत्र लिहिलं होतं. पाकिटात घालून तिकीटही चिकटवलं. मग तुझं शेवटचं वाक्य डोळ्यांपुढे आलं आणि फाडून टाकलं. मला काय दहा भाऊ आहेत?

गप्प बसतेय, पण मन खातंय. दिवेलागणीची फेरी तेवढी दुसऱ्याला दे. हळू चालव. एवढं ऐकलंस तरी लोभ आहे असं समजेन.

चिमणी


३० मार्च

चि. चिमणीस,
अ. उ. आ.

मी सांगतोय, मुलगी लिहितेय.

काल दिवेलागणीला बाजाराच्या वळणावर एक म्हातारा रस्ता ओलांडत होता. मला तो दिसला. वेग कमी केला आणि गाडी त्याच्या डावीकडून काढली. तो वाचला. त्याची बायको डाव्या बाजूला, त्याच्यापासून पाऊलभर अंतरावर चालत होती. ती जागीच गेली.

पोलिसांनी पुन्हा पुन्हा विचारलं. मी खरं तेच सांगितलं. माणसं दोन होती, मला एकच दिसलं.

तू पत्र फाडलंस ते मनाला लावून घेऊ नकोस. ते मीच फाडायला लावलं. लोभ असावा म्हणायला आता तोंड उरलं नाही, चिमणे. तरी असावा.

दादा