मायवरमच्या वर्गाची उत्तरं

कुंभकोणम,
गुरुवार, ता. २० फेब्रुवारी १९१३

प्रिय तुकोजी,

तुझं पत्र मंगळवारी पोचलं. पाच ओळी खुशालीच्या नि दोन पानं तुझ्या वर्गातल्या पोरांच्या शंकांची. आधी शंका उरकते, म्हणजे माझं ऐकायला तुला सवड राहील.

'सिन्स' आणि 'फॉर' यांत पोरं गोंधळतात म्हणतोस. किती काळ ते सांगायचं तर 'फॉर', कधीपासून ते सांगायचं तर 'सिन्स'. मी विधवा होऊन माहेरी आले त्याला सतरा वर्षं झाली, इथे 'फॉर'. त्या आषाढापासून इथेच आहे, इथे 'सिन्स'. वर्गात मात्र दुसरं उदाहरण दे बाबा. 'ए' आणि 'दि'चं सोपं आहे. नाचियारकोविलहून समई आणली. कुठली ते ऐकणाऱ्याला ठाऊक नाही, म्हणून 'ए लॅम्प'. तीच देवघरात ठेवली, आता ओळखीची झाली, म्हणून 'दि लॅम्प'. आणि 'आय अ‍ॅम हॅविंग अ सिस्टर' असं इथे अख्खं गाव बोलतं. बहीण काही आज आहे नि उद्या नाही अशी नसते. 'आय हॅव' एवढं पुरे.

आठवतं का, आप्पा ओट्यावर शिकवणी घ्यायचे नि मी दाराआड तांदूळ निवडत ऐकायची. तू पुढच्या रांगेत बसून डुलक्या काढायचास, मग संध्याकाळी तोच धडा मी तुला सांगायची. पुढे तू मास्तर झालास, आणि आपली पत्रं मोडीत सुरू झाली. तुझ्या मायवरमच्या शाळेत मोडी कुणाला वाचता येत नाही, ही युक्ती तुझीच. तुमचे हेडमास्तर शंकरनारायण अय्यर तुझ्या टिपणांची तारीफ करतात, असं तू लिहिलंस तेव्हा मला राग आला नाही. खोटं कशाला बोलू, थोडा आला.

आता इकडची बातमी. शेजारच्या नागलक्ष्मीच्या मुलीला मी इंग्रजी शिकवते, ते मुलींच्या नव्या शाळेच्या बाईंच्या कानावर गेलं. परवा त्या घरी आल्या. त्यांना इंग्रजीला मास्तरीण हवी आहे. आप्पा हो म्हणाले नाहीत, नाहीही म्हणाले नाहीत. तुकोजी काय म्हणतो ते बघू, एवढंच बोलले नि आत गेले. बाईंना सोमवारी उत्तर हवंय, नाहीतर त्या तंजावरहून कुणाला आणतील. काल दोनदा दूध उतू गेलं. आप्पा टपालवाल्याची वाट बघत ओट्यावर बसतात.

तुझ्या सासरचे काय म्हणतील ते मला ठाऊक आहे. विधवा नणंद रस्त्यानं शाळेत जाते म्हटल्यावर तुझ्या बायकोला ऐकून घ्यावं लागेल. आणि तुझ्या पोटात दुसरी भीती आहे तीही कळते. मी वर्गात उभी राहिले, तर हिला कुणी शिकवलं नि हिनं कुणाला शिकवलं, हे कधीतरी निघणारच. मागच्या महिन्यात मी शाळेविषयी नुसतं सुचवलं होतं, तर तू त्यावर चकार शब्द न लिहिता क्रियापदांच्या शंका पाठवल्यास.

म्हणून हे पत्र. सात वर्षं माझी उत्तरं तुझ्या नावानं गेली, मी कधी हक्क सांगितला नाही. आता एकदा मला तुझं नाव हवंय. आप्पांना चार ओळी लिही, मोडीत नको, इंग्रजीत, शाळेच्या बाईंनाही वाचता येतील अशा. एवढंच लिही, 'माझी बहीण चांगली शिकवते हे मी खात्रीनं सांगतो, कारण मला तिनंच शिकवलं.' मसुदा करून सोबत घातला आहे. तीनदा तपासलाय, चूक सापडणार नाही. खाली सहीपुरती जागा मोकळी ठेवली आहे. शनिवारच्या टपालात टाकलास तर सोमवारी सकाळी पोचेल. नाही टाकलास, तरी पुढच्या शंका पाठव, मी उत्तरं लिहीनच.

तुझीच,
गोदाअक्का