रईसला उभं करण्याबाबत

३ नोव्हेंबर, रविवार
दिवाळी संपली. आता रईसकडे लक्ष.

रईस माझा चौथीपासूनचा दोस्त. बल्लारपूरला बस स्टँडच्या मागे त्याचं सीट-कव्हरचं दुकान आहे. ट्रकच्या सीटला झालर लावावी तर रईसनेच, असं घुग्घुसचे ड्रायव्हर म्हणतात. गेल्या वर्षीच्या दिवाळीत त्याला ताप आला. ताप गेला, पण तो काही बरा झाला नाही. थोडं काम केलं की अंथरुणात. अंग ठणकतं, उजेड सहन होत नाही, बोलता बोलता शब्द सापडत नाहीत. चंद्रपूरचे डॉक्टर करून झाले. रक्त, लघवी, एमआरआय, सगळं नॉर्मल.

माझं निदान: सिस्टीम नाही.

मी वीस वर्षं पीटी टीचर आहे. ज्या पोरांना साधी उडी मारता येत नव्हती त्यांना मी जिल्ह्याच्या स्पर्धेला नेलं आहे. (एकाला. पावसामुळे स्पर्धा रद्द झाली.) उद्यापासून रईसची जबाबदारी माझी. टार्गेट: २६ जानेवारीला आमच्या शाळेच्या ग्राउंडवर रईस एक राउंड पळेल. त्याला अजून सांगितलेलं नाही.

४ नोव्हेंबर, सकाळी ७
साडेपाचला त्याच्या दारात हजर. जरीनाभाभीने दार उघडलं. म्हणाली, नागसेनभाऊ, त्याचा आत्ताच डोळा लागला. मी म्हणालो, भाभी, शिस्तीची सुरुवात झोपमोडीनेच होते. रईस आला. रेल्वे फाटकापर्यंत जाऊन परत. मी व्यायामाचे फायदे सांगत होतो, तो भिंतीला हात लावत चालत होता. शेवटी विचारलं, कसं वाटलं? म्हणाला, मस्त.

डॉक्टरांना वर्षभर जमलं नाही ते एका सकाळी झालं.

५ नोव्हेंबर
रईस आला नाही. भाभी फोनवर म्हणाली, काल दुपारपासून डोळे उघडले नाई. साहजिक आहे. स्नायू जागे होताना माणसाला झोप येते.

११ नोव्हेंबर
काल रविवारी पुन्हा चाललो, आता दर रविवारी जायचं ठरवलं. पुन्हा मस्त म्हणाला. आज पुन्हा अंथरुणात. आता पॅटर्न दिसायला लागला आहे. चालतो त्या दिवशी बरा असतो, चालत नाही त्या दिवशी आजारी असतो. निष्कर्ष स्पष्ट आहे.

२४ नोव्हेंबर, रविवार
पोंभुर्ण्याच्या पुढे पत्रूभाऊ नावाचे वैदू जंगलातल्या मुळीचा काढा देतात, असं स्टाफरूममध्ये कळलं. आयुर्वेदाला माझा विरोध नाही, फक्त सोबत व्यायाम हवा. रईस म्हणाला, अबे नाग्या, मले गाडीवर बसवत नाई. मी त्याला भाभीच्या ओढणीने माझ्या पाठीला बांधलं. रस्त्यात दोन ठिकाणी लोकांनी थांबवून विचारलं की काय झालं. मी म्हणालो, काही नाही, बरा होऊन राह्यला.

काढा हिरवा, घट्ट. रईस ग्लासकडे बघत बसला. त्याला धीर यावा म्हणून आधी मी एक ग्लास प्यायलो. मग त्याने घोटभर घेतला. पत्रूभाऊ मला म्हणाले, हे बिमार माणसाचं औषध आहे, तुमी काऊन पेले?

२५ नोव्हेंबर
शाळेत गेलो नाही. कारण लिहिण्यासारखं नाही. रईसवर काढ्याचा काहीच परिणाम नाही.

दिव्यानी मीठ-साखरेचं पाणी घेऊन आली आणि म्हणाली, तुमी रईसभाऊले इचारलं का, तुले काय पाह्यजे म्हून? बायकोला वैद्यकीय विषय कळत नाहीत. पेशंटला काय हवं हे पेशंटलाच माहीत असतं तर डॉक्टर कशाला शिकले असते?

८ डिसेंबर
व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप केला. नाव: रईस उठ. त्यात मी, रईस, शाळेतले आणि आमच्या जुन्या कबड्डी टीममधले लोक. सकाळी एक सुविचार, दुपारी एक आरोग्य टिप, संध्याकाळी रईसने आपली प्रगती लिहायची. दुपारपर्यंत लोकांनी भरपूर उपाय पाठवले. लिंबू, उपवास, उलटं झोपणे, घर बदलणे. संध्याकाळी ‘रईस लेफ्ट’ असं दिसलं. नेटवर्कचा प्रॉब्लेम. परत अ‍ॅड केला. परत लेफ्ट. बल्लारपूरला नेटवर्कची फारच बोंब आहे.

१९ डिसेंबर
आज फार वाईट दिवस.

स्टाफरूममध्ये एक सर म्हणाले की रिपोर्ट नॉर्मल म्हणजे माणूस नॉर्मल, तुमचा दोस्त नाटक करत असेल. मी त्यांच्या अंगावर धावून गेलो. मुख्याध्यापकांनी मला वर्गाबाहेरच्या बाकावर बसवलं, पोरांच्या समोर.

संध्याकाळी बस स्टँडकडून येत होतो तर रईसच्या दुकानाचं शटर वर. आत रईस, ट्रकच्या सीटवर गुडघा रोवून दोन्ही हातांनी रेक्झिन ओढून राह्यला. मी ज्याच्यासाठी बाकावर बसलो तो हा. माझ्यासोबत फाटकापर्यंत चालताना भिंत धरतो आणि इथी सीट ताणतो. तोंडाला आलं ते बोललो. म्हणालो, रईस, तुले बिमारी नाई, तुले मनातून बरंच नाई व्हायचं. थोडा जोर लाव ना.

रईसने रेक्झिन सोडलं. खाली बसला. बाजूला उभा ट्रकचा ड्रायव्हर म्हणाला, मास्तर, मी उद्याही नेली असती गाडी, यानेच म्हटलं का करून देतो.

कधीकधी कठोर बोलावं लागतं. पीटीमध्ये हे चालतं.

२० डिसेंबर
भाभी फोन उचलत नाही. मी तीनदा लावला. रईसने दार आतून लावून खिडकीला चादर बांधली आहे, असं शेजारच्याने सांगितलं. बोलल्याचा परिणाम झाला असावा. चिंतन करत असेल.

दिव्यानीने जेवण वाढलं पण बोलली नाही. तीही चिंतन करते आहे.

११ जानेवारी
नागपूरला नवीन डॉक्टर. भाभीच्या भावाने नंबर मिळवला. रईस म्हणत होता, नाग्या, तू राहू दे, जरीना येते सोबत. मी ऐकलं नाही. आजारी माणसाला एकटं सोडू नये. भाभी होती, पण तरीही.

केबिनमध्ये मी सुरुवातीपासून सगळं सांगितलं. चालण्याचा पॅटर्न, काढा, ग्रुप. डॉक्टर बाई बराच वेळ ऐकत होत्या. मग म्हणाल्या, पेशंट कोण आहे? मी रईसकडे बोट दाखवलं. त्या म्हणाल्या, मग तुम्ही थोडा वेळ बाहेर बसता का?

बराच वेळ बसलो. रईस बाहेर आला तेव्हा त्याचे डोळे लाल होते आणि चेहरा हलका होता. वर्षभरात मी असा चेहरा पाहिला नव्हता. म्हणाला, अबे, तिनं मले खोटारडा नाई म्हटलं. बस, एवढंच. मी विचारलं, मग औषध काय? म्हणाला, औषध नाई. नाव आहे बिमारीचं, मोठं आहे, मले येत नाई म्हणता. स्टेशनवर विचारलं, आणि चालायचं? तो प्लॅटफॉर्मच्या बाकावर आडवा झाला. भाभी म्हणाली, ताकदीच्या बाहेर काहीच करायचं नाई, भाऊ. जबरदस्तीनं चालवलं का ही बिमारी आणखी वाढते, म्हणे.

डॉक्टर वयाने लहान आहेत. व्यायामाबद्दल त्यांचं वाचन कमी असावं.

२६ जानेवारी
झेंडावंदन. परेड माझ्याकडे. पोरांना ‘सावधान’ म्हटलं आणि पुढे डोकं कुठी गेलं कळलं नाही. ग्राउंड दिसत होतं. एक राउंड किती लांब असतो ते दिसत होतं. भानावर आलो तेव्हा मुख्याध्यापक हात हलवत होते आणि सगळी शाळा उन्हात ताठ उभी होती. मी ‘विश्राम’ म्हणायचं विसरलो होतो. पाचवीतली एक पोरगी मटकन खाली बसली. तिला पाणी दिलं, सावलीत नेलं. ती म्हणाली, सर, मी अजून उभी राहू शकते.

घरी येऊन जेवलो नाही. पित्त.

९ फेब्रुवारी, रविवार
रईसचा फोन. म्हणाला, नाग्या, थोडे दिवस येऊ नको. मी विचारलं, काऊन? म्हणाला, असंच.

असंच म्हणजे काय? नोव्हेंबरपासून प्रत्येक रविवारी जातो. हे रईसचं बोलणं नाही. घरात कोणीतरी माझ्याविरुद्ध कान भरतं आहे. उद्या भाभीशी स्पष्ट बोलतो.

१० फेब्रुवारी
स्पष्ट बोललो. म्हणजे तीच बोलली.

दारातच उभी राहिली, आवाज खाली ठेवून. म्हणाली, भाऊ, तुमी रविवारी येता ना, त्याच्यासाठी तो शुक्रवारपासून पडून राह्यते. उठत नाई, बोलत नाई, ताकद वाचवते. रविवारी मी त्याची दाढी करून देतो, मग खुर्चीवर बसते, तुमच्यासंग हसते. तुमी गेले का मी त्याले उचलून पलंगावर टाकतो. मग बुधवारपर्यंत तो तसाच. मी किती म्हटलं, सांगून दे नागसेनभाऊले. तर म्हणे, नको, त्याले वाईट वाटन. तो एवढं करून राह्यला माझ्यासाठी.

मी म्हणालो, दर रविवारी? ती म्हणाली, दर रविवारी.

चहा न घेता निघालो. गाडी तिथेच विसरलो, फाटकापर्यंत चालत गेलो, परत आलो, गाडी घेतली.

१२ फेब्रुवारी
विचार केला. चूक कोणाची हा प्रश्न नाही. विश्रांती हासुद्धा पीटीचाच भाग आहे, बीपीएडला आम्हाला एक प्रकरण होतं. तेव्हा रईसला शास्त्रशुद्ध विश्रांती मीच देऊ शकतो. टाइमटेबल तयार: डोळे मिटणे, श्वास, कूस बदलणे. जाड पडदे आणि एक शिट्टी (हळू आवाजाची).

दिव्यानीने कागद घेतला, वाचला आणि त्यावर कांदे चिरले.

२२ फेब्रुवारी
रईसचा मेसेज. उद्या ये. काही आणू नको. बोलू नको.

एवढ्या शब्दांसाठी त्याला किती वेळ लागला असेल. मी मोठं उत्तर लिहिलं, मग खोडलं, मग ‘बरं’ पाठवलं.

२३ फेब्रुवारी, रविवार
दुपारी गेलो. काही नेलं नाही. भाभीने आतली खोली दाखवली. अंधार होता. खुर्ची रिकामी. रईस पलंगावर होता, दाढी वाढलेली, बनियनवर. मला पाहून उठला नाही. हात थोडा वर केला आणि खाली ठेवला.

मी खाली चटईवर बसलो. बोलायचं नव्हतं. वीस वर्षांत मी इतका वेळ कधी गप्प बसलो नव्हतो, जीभ आतल्या आत वळत होती. चादरीच्या फटीतून ऊन आलं तेव्हा एकदाच बोललो: खिडकी लावू का? तो हो म्हणाला. लावली. मग पंख्याकडे बघत बसलो. मग पाठ टेकली.

जाग आली तेव्हा संध्याकाळ झाली होती. पलंग रिकामा. माझ्या अंगावर चादर होती. मी घेतली नव्हती. बाहेर आलो तर रईस दुसऱ्या खोलीत, जमिनीवर गादी टाकून पडलेला, डोळे मिटलेले. भाभी हळूच म्हणाली, तुमी लय घोरत होते, भाऊ. मी उठवतच होतो तुमाले, तर तो म्हणे, झोपू दे त्याले, थकला आहे तो.

घरी आलो. दिव्यानीने विचारलं, कसे आहेत रईसभाऊ?

म्हटलं, माहीत नाही. मी झोपलो होतो.