क्लच घट्ट झालाय म्हणे

दादा,

गाडी गॅरेजला नेऊ नकोस. बॅटरी चांगली आहे आणि स्टार्टरही ठीक आहे. सकाळी बाबा बराच वेळ चावी फिरवत होते, पण डॅशबोर्डवरचे दिवे लागायचे आणि पुढे काहीच नाही. "क्लच फार घट्ट झालाय," म्हणाले. मग मी बसले. पेडल सहज खाली गेलं आणि गाडी लगेच सुरू झाली. क्लच पूर्ण दाबल्याशिवाय आपली गाडी सुरूच होत नाही, आणि बाबांच्या डाव्या पायात आता तेवढा जोर राहिलेला नाही.

काका ज्यात गेले तो आजारही असाच पायापासून सुरू झाला होता. बाबांनाही तेच आठवलं असणार, कारण ते माझ्याकडे बघेनात. मी गाडी बंद केली आणि म्हटलं, "हो बाबा, घट्टच झालाय."

काकांना बघायचे त्याच डॉक्टरांकडे आम्ही टॅक्सीने जातोय. ते काय म्हणतील, हे तुला वेगळं सांगायला नको. आईला फक्त गाडी बिघडलीय एवढंच माहीत आहे. तूही सध्या तेवढंच सांग.

थांबते. बाबा दारातून हाक मारताहेत, डावा बूट घालून दे म्हणताहेत.

— छोटी